हातभर पोटाची गाडी

त्या दुपारी आई जुन्या गाड्यांच्या आवारात एका गाडीखाली उताणी पडली होती, आणि बाहेर दिसत होते ते फक्त तिचे बूट. बाबा शेजारी उकिडवे बसून आत टॉर्च धरत होते. त्यांची मुलगी जरा लांब, एका टायरवर बसून पुस्तक वाचत होती.

"गाय असो की गाडी," खालून आवाज आला, "हात घातल्याशिवाय काही कळत नाही."

"बाई, गाय लाथ मारते," गाडीवाला म्हणाला. "ही गरीब आहे बिचारी."

"लाथ मारते ती बरी. दुखतंय कुठे ते तरी कळतं. अहो, टॉर्च इकडे. माझ्या नाकात काय बघताय?"

"नाकच दिसतंय इथून," बाबा म्हणाले.

आई जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरी केव्हाच संपली होती, पण डोंगरावरच्या वस्त्यांना निवृत्ती हा प्रकार कधी समजलाच नाही. मेंढी अडली, म्हैस बसली की निरोप यायचा, आणि निरोप आला की आई निघायची. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेची नोकरी संपल्यापासून तेही तिच्याबरोबर जाऊ लागले होते, शेजारच्या सीटवर बसून. वाटेतली फाटकं उघडायची, टॉर्च धरायचा, सिरिंज भरून हातात द्यायची. गाडी काही त्यांना चालवता येत नव्हती. "घरात एकाच्याच हातात स्टिअरिंग असावं," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि हे ते नुसतं गाडीबद्दल सांगत नव्हते हे सगळ्यांना कळायचं.

आईची जीप एका ओढ्यातल्या दगडावर बसली ती पुन्हा उठलीच नाही. चासी मधोमध चिरली. मिस्त्री आधी म्हणाला, "जोडून देतो की." मग आईचं तोंड बघून म्हणाला, "पण नकोच." तेव्हापासून गाडी शोधणं चाललं होतं. हाताशी होती एक ठेव, तीही आईच्या आणि मुलीच्या नावावर. नवी गाडी तेवढ्यात बसत नव्हती, आणि जुनी घ्यायची म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल.

शोधता शोधता तीन गाड्यांवर घोडं अडलं होतं. आईने तिघींना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. पहिली 'नवरी'. चकचकीत, बटण दाबलं की चारही चाकं चालतात असं म्हणणारी, पण पोट इतकं खाली की रस्त्यातला गतिरोधक दिसला तरी तिला धडकी भरावी. दुसरा 'बोकड'. छोटा, हलका, शेळ्यांच्या वाटेनेही चढेल असा, पण मागे जागा एवढीशी, की औषधांची पेटी ठेवली तर वासरू बाहेर आणि वासरू ठेवलं तर बाबा बाहेर. आणि तिसरी ही 'म्हातारी'. लांबलचक, डिझेलची, स्प्रिंगच्या पाट्यांवर उभी असलेली, आवाज करणारी, पण पोटाखाली आईचा हात बोटांपासून कोपरापर्यंत उभा राहील एवढी उंच. आईचं माप तेच होतं. "हातभर पोट पाहिजे. बाकी रंगबिंग तुम्ही बघा."

फक्त म्हातारीला गंज होता. वरून दिसत नव्हता, म्हणून आई खाली शिरली होती. तिच्या हातात होता जनावरांच्या शिरा धरायचा स्टीलचा चिमटा. त्याने ती चासीवर टकटक करत पुढून मागे सरकत होती. टक, टक, टक. एका जागी ती थांबली. तिथे तिने दोनदा वाजवलं.

मग ती बाहेर आली. केसांत गंजाचा भुगा, कोपराला ग्रीस.

"काय?" बाबांनी विचारलं.

"चहाला सांगते," आई म्हणाली.

आता हे चहाचं प्रकरण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आई-बाबांचं एका कपाटावरून भांडण झालं. लाकडी की लोखंडी. दोघंही वाद घालण्यात एकमेकांना भारी, त्यामुळे कपाट आलंच नाही आणि कपडे बरेच दिवस खुर्चीवर राहिले. शेवटी दोघांनी एक नियम केला. काही ठरवायचं असलं की ते संध्याकाळी मांडायचं आणि त्यावर झोपायचं. सकाळी चहाला बसल्यावर ज्याला नको असेल त्याने 'नाही' म्हणायचं. एकाचं 'नाही' आलं की विषय बंद. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आणि कप रिकामा होईपर्यंत 'नाही' आलं नाही, तर ते 'हो'. मग मागे फिरायचं नाही. याला घरात 'चहाला ठेवणं' म्हणत. घर असं घेतलं, शाळा अशी निवडली, आजीला शेवटी कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही असंच ठरलं. मुलगी वाचायला लागली तसं तिलाही मत मिळालं.

आईने तिचं 'नाही' सढळ हाताने वापरलं. बाबांनी क्वचित. मुलीने कधीच नाही.

मुलीला घरात मुंगी म्हणत. लहानपणी ती पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवून इतकी हळू सरकायची, की आई म्हणाली, ही वाचत नाही, ही साखर शोधतेय. आता मुंगीचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. दिवसभर लोकांच्या चुकांवर लाल खुणा करायची. घरी आली की शाई संपल्यासारखी गप्प. गाड्यांबद्दल तिने सगळं वाचून काढलं होतं. कुठली किती अंशांचा चढ चढते, किती खोल पाण्यातून जाते, कुठलीचा गिअरबॉक्स कशाने जातो. विचारलं की ती सांगायची. पण "मग कुठली घ्यायची?" असं विचारलं की म्हणायची, "तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी बाबांनी म्हातारीला रीतसर चहाला ठेवलं. आईने पायाची नखं कापली, टायर किती महागलेत यावर गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि झोपायला जाताना मुंगीच्या दारात थांबून म्हणाली, "दिवा घालव गं. ते पुस्तक काही पळून जात नाही."

सकाळी बाबांनी नेहमीसारखा चहा केला. आई उठली नव्हती, रात्री वाचत बसलेली मुंगीही नाही. गाडीखाली सरपटून दमली असेल, झोपू दे, असं म्हणून ते एकटेच बसले. बाहेर दूधवाला येऊन गेला. त्यांनी चहा संपवला, कप विसळला, आणि मग तिला उठवायला गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. तिला काही कळलंही नसेल.

लोक आले, लोक गेले. डोंगरावरून दोन ट्रक भरून माणसं आली आणि दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आत येईनात, कारण बूट चिखलाचे होते आणि बाई ओरडायच्या. मुंगी सगळ्यांना पाणी देत होती. तिला राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. आयुष्यभर ती दरीला घाबरली होती. निसरड्या वळणाला, ओढ्याला, धुक्याला, ब्रेकला. गादीला घाबरायचं असतं हे तिला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

घरातली गर्दी ओसरल्यावर बाबा एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि दुपारी परत आले.

"बयाणा देऊन आलो," ते म्हणाले.

"कशाचा?"

"म्हातारीचा."

मुंगीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरात मामा कांदा चिरत होता. आईचा धाकटा भाऊ, विम्याच्या कचेरीत होता आणि रजा टाकून राहिला होता. तो सुरी हातात घेऊनच बाहेर आला.

"दाजी, कोण चालवणार ती?"

"मी."

"तुम्ही? तुम्हाला साधी हातगाडी सरळ ढकलता येत नाही! भाजी आणायला गेलो होतो तेव्हा त्या बाईच्या पायावर घातलीत."

"शिकेन."

"कुठे जाणार चालवत?"

"वर. थंडीच्या आधी मेंढ्यांना लस द्यावी लागते. लस आली की मला कळवतील. टोचायला डॉक्टर कशाला लागतो? सिरिंज मीच भरत होतो. कुठे टोचायचं मला माहीत आहे, मान इकडे, कातडी चिमटीत धरायची..." बाबांनी स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली.

"अहो पण ती गंजकी गाडीच का? पैसे काय वर आलेत?"

"ठरलंय," बाबा शांतपणे म्हणाले. "चहाला ठेवली होती. तिने 'नाही' म्हटलं नाही."

मामाने मुंगीकडे बघितलं. मुंगी जमिनीकडे बघत होती.

"माझा कप संपला तोवर ती काही बोलली नाही," बाबा म्हणाले. "तू विचार मुंगीला. नियम असा आहे."

वेड्याशी वाद घालता येतो, पण नियमाने वागणाऱ्या माणसाशी कसा घालायचा? मामाने सुरी खाली ठेवली, डोळे पुसले, "कांद्याने" असं कोणी न विचारताच सांगितलं आणि आत गेला. संध्याकाळी त्याने मुंगीला गच्चीत गाठलं.

"मुंगे, तू बोल. तुझं ऐकतील."

"काय बोलू?"

"अगं, काय म्हणजे? म्हणावं, आई गेली, आता गाडी कशाला? ते दरीत जातील एक दिवस. उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं आणि म्हातारपणी शेळ्यांसाठी डोंगर चढणं वेगळं."

"मामा, तिला 'नाही'च म्हणायचं असेल तर?"

"कुणाला?"

"आईला. ती म्हणाली होती, चहाला सांगते. म्हणजे सांगायचं काहीतरी होतं ना?"

मामाने कपाळाला हात लावला. "तुम्ही तिघंही एकाच गिरणीचं पीठ," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तू तरी जरा जाड दळलेली असशील."

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येताना मुंगी वाट वाकडी करून मिस्त्रीकडे गेली. आईने त्या दुपारी त्यालाही आवारात बोलावलं होतं. तो इंजिनात डोकं घालून बसला होता, आणि आई खाली होती.

"चिमटा वाजवत होती बघा ती," मुंगी म्हणाली. "एका जागी दोनदा वाजवला. आवाज कसा आला?"

मिस्त्रीने हातातला पाना पुसला. मग पुन्हा पुसला.

"आवाज ना? लोखंडाचा आला."

"म्हणजे भरीव, की पोकळ?"

"ताई, इंजिन चालू होतं. मी ऐकत होतो इंजिनाचं."

"गंज होता का तिथे?"

"गंज काय, सगळीकडेच असतो. तुमच्या-माझ्यातही असेल." तो हसला, मग हसायला नको होतं असं वाटून त्याने पाना खाली ठेवला. "जॅकवर घेऊन बघतो म्हणा. पण बाईंच्या मनात काय होतं ते मला कसं दिसणार? मास्तर होते ना टॉर्च धरून, त्यांना विचारा."

बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना नाक दिसत होतं.

पुढे गाडी खरंच जॅकवर घेतली. मिस्त्री म्हणाला, मागच्या पाट्याजवळ जरा खाल्लंय, पट्टी मारली की चालेल, बरीच वर्षं चालेल, किंवा नाही चालणार. म्हणजे धड ना इकडे, ना तिकडे. नको म्हणावं असं ठोस काही नाही आणि हो म्हणावं असंही नाही. गाडीच म्हणाली असती की मी घेण्यासारखी नाही, तर मुंगीला बोलावं लागलं नसतं. तीच आशा होती, आणि तीही गेली.

बाबांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मुंगी सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर बसायला जायची. स्कूलची छोटी गाडी, शिकवणारा तरणाताठा, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक.

"काका, क्लच एकदम सोडायचा नाही. रुसलेल्या माणसाचा हात सोडतो तसा सोडायचा. हळू. हळूऽ. अहो हळू!"

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

"माझ्यावर कोणी रुसलं तर मी हात सोडत नाही," बाबा म्हणाले.

"मग गाडी अशीच बंद पडणार, काका."

बाबा हसले. आरशात मुंगीला त्यांचे डोळे दिसले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. असं हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?

घरी ते चित्रं काढायचे, मुंगीच्या जुन्या मुद्रितांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. म्हातारी चढावर. म्हातारी ओढ्यात, पाणी चाकाच्या कण्यापर्यंत. मागे औषधांची पेटी, दोराने बांधलेली, गाठीसकट. पूर्वी ते गाड्या काढायचे तेव्हा स्टिअरिंगवर आई असायची, दोन रेघांत, पण ओळखू येईल अशी. आता तिथे टक्कल असलेला एक माणूस होता, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर. शेजारच्या सीटवर त्यांनी काहीच काढलं नव्हतं, पण ती जागा खोडलेलीही नव्हती. मुंगी ते कागद बघायची आणि उलटून ठेवायची, की वर तिच्या लाल खुणा यायच्या.

लहान होती तेव्हा आई रात्री-बेरात्री वर जायची. बाबा शाळेचे पेपर तपासत बसायचे, मुंगी खिडकीत. डोंगराच्या शेवटच्या वळणावर दिवे दिसेपर्यंत वाचायचं, असं तिने स्वतःशी ठरवलेलं. वाचलं की वेळ जातो असं नाही, पण वाचताना हात थरथरत नाहीत, पुस्तक धरावं लागतं ना. अशी तिने अर्धी लायब्ररी संपवली. आई चिखलाचे बूट दारात काढायची आणि म्हणायची, "काय वाचलंस?" मुंगी सांगायची. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, हिला एकटीला सोडा, हिला काही लागत नाही, पुस्तक दिलं की झालं. बक्षीस म्हणून ती येताना पुस्तकच आणायची. ज्या घरात सगळं चहाला ठेवलं जायचं, तिथे आईचं जाणं कधी चहाला ठेवलं गेलं नाही. ते विचारण्यासारखं नव्हतंच. वर एखादी म्हैस मरत असायची.

थंडी तोंडावर आली. गाडीवाल्याचा फोन आला, की दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, मास्तर, बाईंकडे बघून थांबलोय, पण माझंही पोट आहे. ठेव मोडायला मुंगीची सही लागणार होती. बँकेचा कागद बाबांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, पण तिच्या पुढे सरकवला नाही. सही मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आईचं मत आलंय," ते संध्याकाळी म्हणाले. "माझं 'हो' आहे. त्या सकाळी तू चहाला नव्हतीस, तेव्हा तुझं राहिलं. म्हणून उद्या चहाला ठेवतो."

"बरं," मुंगी म्हणाली.

सकाळी बाबांनी चहा केला. दोघं समोरासमोर बसली. मामा परत गेला होता. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, कारण तसा संकेत होता. ज्याला बोलायचंय त्याच्यावर नजरेचा दाब येऊ नये. ते खिडकीबाहेर बघत होते आणि चहा फार हळू पीत होते. तिच्यासाठीच हळू पीत होते हे मुंगीला कळलं, आणि त्याने तिला आणखीच कानकोंडं झालं.

कप अर्धा झाला.

तिच्या मनात वाक्यं येत होती, एकाहून एक चांगली. गंजाबद्दल, चढाबद्दल, त्यांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूबद्दल, आईने वाजवलेल्या त्या दोन ठोक्यांबद्दल. सगळी बिनचूक होती. त्यातलं एकही खरं नव्हतं. आणि ही गाडी गेली तर या माणसाकडे सकाळी उठायला काय उरणार?

तळ दिसायला लागला.

"नाही," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला, की आपण बोललो की नुसतं मनात आणलं, हे तिलाच कळेना. पण बाबांनी ऐकलं होतं. त्यांचा कप हवेतच थांबला. मग त्यांनी तो सावकाश खाली ठेवला आणि मान हलवली.

"बरं," ते म्हणाले.

कारण विचारलं नाही. तोंड वाकडं केलं नाही. बँकेचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडीवाल्याला फोन लावला. "मास्तर बोलतोय. तुमच्या त्या गिऱ्हाईकाला देऊन टाका. हो. नाही, बयाणा राहू द्या, तुम्ही थांबलात आमच्यासाठी. हो. ठेवतो." सगळं इतक्या चटकन उरकलं, की मुंगी नुसती बघत राहिली. इतकी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं होतं, आणि त्याने एक गाडी गेली होती, एवढंच.

बाबा उठले. दारामागून त्यांनी आईची खांद्याला अडकवायची औषधांची पिशवी काढली, आत काय काय आहे ते चाचपलं आणि बुटांत पाय घालायला स्टुलावर बसले.

"कुठे निघालात?"

"लस आलीय वरच्या दवाखान्यात, काल निरोप आला. दुधाचा ट्रक नऊला चढतो. तो शेवटच्या फाटकापर्यंत सोडेल. पुढे चालेन." त्यांनी नाडी ओढली. "गाडी नाही तर नाही. संध्याकाळी खाली येणारा ट्रक मिळाला तर येईन, नाही तर राहीन तिथेच कुणाकडे. तुझ्या जेवणाचं..." ते थांबले. "तुला काय, तुझं वाचन असेलच."

दुसऱ्या बुटाची नाडी त्यांना सापडत नव्हती. मुंगी पुढे झाली, खाली बसली आणि तिने ती शोधली. पण बांधली नाही. नाडीचं टोक तिच्या बोटांत तसंच राहिलं. बाबा वाट बघत होते, पाय पुढे करून, लहान मुलासारखे. बाहेर लांब कुठेतरी चढाला लागलेल्या एका ट्रकने गिअर बदलला.

"बाबा," ती म्हणाली. वर बघायला तिला जमलं नाही. ती त्यांच्या बुटाशीच बोलली. "जाऊ नका. मला भीती वाटते. आई जायची तेव्हाही वाटायची. रोज वाटायची. मी वाचत नव्हते."